बुधे, तू कोर्टात का गेलीस?

बुधे, तुझ्या दिवसकार्याला येऊन गेले. वाडीची चढण आता माझ्या गुडघ्यांना झेपत नाही, हे तुझ्या मुलाला ठाऊक आहे. त्याने खाली फाट्यावर एका पोराला मोटरसायकल घेऊन पाठवलं आणि मी म्हातारपणी त्या पोराच्या कमरेला धरून, डोळे मिटून वर आले. तुझ्या अंगणात युनियनच्या एका पुढाऱ्याने भाषण केलं. तू रणरागिणी होतीस म्हणे. मालकशाहीला तू पाणी पाजलंस म्हणे. मी पदर तोंडाला लावला. शेजारच्या बायकांना वाटलं टाइम ऑफिसातली बाई रडते आहे, आणि एकीने माझ्या पाठीवरून हात फिरवला. खरं तर मला हसू आवरत नव्हतं. तू शेजारी असतीस तर मला कोपर मारून विचारलं असतंस, "ही कोन बाय गो, टायमबाय?"

मग खरंच रडू आलं. ते सांगायलाही लाज वाटत नाही.

तू कंपनीविरुद्ध कोर्टात का गेलीस, हे मी तुला इतक्या वर्षांत किती वेळा विचारलं असेल. आणि तू दर वेळी वेगळं उत्तर द्यायचीस. युनियनवाल्यांना सांगितलंस, पगारासाठी. कारण त्यांना तेच ऐकायचं होतं. तुझ्या बहिणीला म्हणालीस, ठाणं शहर बघायचं होतं, तलाव मोठा आहे म्हणतात. नवऱ्याला काहीच सांगितलं नाहीस. मला एकदा तोंडावर म्हणालीस की तुझ्यामुळं गेले, तू टाइम ऑफिसच्या खिडकीत बसून फार बोलायचीस. मी रागावले तेव्हा म्हणालीस, बरं मग त्या सुपरवायझर चव्हाणसाहेबांमुळं. मी सोडायची नाही आणि तू सांगायची नाहीस. आपलं हे भांडण तसंच राहिलं असं मला परवापर्यंत वाटत होतं.

माझ्या नवऱ्याची शाळा शहापूरहून टोकावड्याला बदलली, तेव्हा मी तुला पहिल्यांदा पाहिलं. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मुरबाडला एमआयडीसीत नवीन नवीन कंपन्या आल्या होत्या आणि टोकावड्याच्या नाक्यावर सकाळी त्यांच्या बसगाड्या उभ्या राहायच्या. मी बारावी पास, बाजारपेठेत वाढलेली, टाइम ऑफिसातल्या नव्या नोकरीसाठी इस्त्रीची साडी नेसून उभी. तू वाटेत तुझ्या वाडीच्या फाट्यावर बसमध्ये चढलीस, डोक्यावरचं गाठोडं उतरवून माझ्या शेजारी बसलीस, खिडकी मागितलीस, मी दिली, आणि पुढची कितीतरी वर्षं ती तुझीच राहिली. पावसाळ्याच्या तोंडाला तू रानातल्या शेवळांची जुडी माझ्या मांडीवर ठेवलीस. शेवळाच्या भाजीत काकडाची आंबट फळं घालावी लागतात, नाहीतर घशाला खाज सुटते, हे मला तू सांगितलं नव्हतंस. तू शेवटपर्यंत म्हणत राहिलीस की सांगितलं होतं. मी पुन्हा लिहून ठेवते: नव्हतं सांगितलं. सगळं घर दोन दिवस खाकरत होतं आणि सासूबाईंनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरले नाही.

आपल्या कंपनीत रंगाच्या बादल्या आणि त्यांची झाकणं व्हायची. प्लास्टिकचा दाणा वितळून साच्यात जायचा, मशीन उघडायचं, गरम झाकण बाहेर. मशीनवर पुरुष. झाकणाच्या कडेला राहिलेली किनार पात्याने कापायला आणि माल बांधायला बायका. असा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण सूर्य उगवण्याइतकी ती गोष्ट ठरलेली होती. चार नंबरचं मशीन जुनं होतं. त्याचा ऑपरेटर भात लावणीला दांडी मारायचा, कापणीला दांडी मारायचा, मधेच लग्नसराईतही गायब. एका पावसाळ्यात माणूसच मिळेना म्हणून तुला उभं केलं. पुढे तो ऑपरेटर आलाच नाही आणि तू तिथून हललीच नाहीस.

भाषणात कोणी म्हणालं की तुझ्या हाताला जादू होती. कसली जादू? तुझीही झाकणं वाकडी निघायची. तूही साचा अडकला की मशीनला शिव्या घालायचीस, आणि त्या शिव्या तुझ्या बोलीत असल्यामुळे चव्हाणसाहेबांना कळायच्या नाहीत. तू इतर ऑपरेटरांसारखीच एक ऑपरेटर होतीस, फक्त तुझ्या कार्डावर हेल्पर लिहिलेलं होतं. गेटवरच्या खिडकीत हजेरीची कार्डं मीच बघायची, तुझंही रोज माझ्याच हातून जायचं, म्हणून मला ते टोचायचं. तुला फारसं टोचत नव्हतं. मुरबाडच्या आयटीआयमधून नरेश आला, तू त्याला मशीन कुठे अडतं, कुठे हात घालायचा नाही ते शिकवलंस, आणि वर्षाच्या आत तो शेजारच्या मशीनवर ऑपरेटर झाला. मी खिडकीतून तुला म्हटलं की बोल काहीतरी. तू म्हणालीस, त्याचं लग्न ठरलंय, राहू दे. वर त्याला आपल्या डब्यातली भाकरी देत राहिलीस.

म्हणजे पगारासाठी नाही, बुधे. पगाराचं तू गिळलंस. मी साक्षीला आहे.

खंडेनवमीला आपल्याकडे अर्ध्या पाळीत मशीनं बंद व्हायची. धुऊन पुसून त्यांना हळदकुंकू, झेंडूची माळ. जो ज्या मशीनवर, त्याने तिथे नारळ फोडायचा. मग सगळ्या नारळांचं खोबरं एका मोठ्या परातीत, साखरफुटाण्यात मिसळून, खात्याखात्यातून फिरायचं. हेल्पर नुसते बघायला. त्या वर्षी मात्र चार नंबरवर वर्षभर तूच होतीस. तू घरून नारळ आणलास आणि नव्या भाताच्या लोंब्या झेंडूत गुंफून तोरण आणलंस. बसमध्ये ते मांडीवर धरून बसली होतीस आणि मला त्याला हात लावू देत नव्हतीस.

चव्हाणसाहेब काही वाईट माणूस नव्हते, हे तू म्हणायचीस आणि मला ते मान्य करायला जड जायचं. ते आवाजही चढवत नसत. स्टूल सरकवावं तसं त्यांनी तुला बाजूला केलं. म्हणाले, "बुधीबाई, आज पूजा नरेश करेल. बाईच्या हातची नको. आणि त्यातून तुमच्या वाडीवरच्या पद्धती वेगळ्या असतात." तोरण त्यांनी तुझ्या हातातून घेऊन नरेशकडे दिलं. नरेशने ते बांधलं. तो तुझ्याकडे बघत नव्हता, हे तूच मला सांगितलंस, आणि त्याची बाजू घेऊनच सांगितलंस.

मग तू तुझा नारळ घेऊन सरळ गेटवर आलीस. माझी खिडकी गेटालाच लागून, म्हणून मी सगळं पाहिलं. तू वाकलीस, उंबऱ्यासारखी जी लोखंडी पट्टी होती तिच्यावर नारळ फोडलास, पाणी शिंपडलंस, चार तुकडे चार दिशांना ठेवलेस, तोंडाने तुझ्या बोलीत काहीतरी म्हणालीस. एक तुकडा माझ्या खिडकीत ठेवून म्हणालीस, खा. मी खाल्ला. तुझ्या मनात एवढंच होतं की मशीनपाशी जाऊ देत नाहीत तर मशीनच्या वाटेवर तरी फोडावा. तू काय म्हणालीस ते मी नंतर विचारून घेतलं: देवा, चार नंबर नीट चालू दे, आणि नऱ्याचा हात सांभाळ, तो घाईचा आहे.

पण वॉचमनने पाहिलं ते वेगळंच. वाडीवरची बाई, कंपनीच्या दारात फोडलेला नारळ, चार दिशांना तुकडे, न समजणारी भाषा. त्याने दुपारपर्यंत सगळीकडे करून टाकलं की बुधीने कंपनीवर करणी केली. माझ्या पोटात गेलेला तुकडा त्याच्या हिशेबात नव्हता. आणि नेमका दसरा झाल्यावर चार नंबरचा हीटर गेला. तो दर वर्षीच जायचा. त्याच सुमाराला नरेशला ताप आला. तो अख्ख्या मुरबाडला आला होता. झालं, सगळ्यांना सगळं कळलं.

तुला मशीनवरून काढलं. मागच्या आवारात, पत्र्याच्या सावलीच्या थोडं बाहेर, वाकडी झाकणं आणि भंगार निवडायला बसवलं. चव्हाणसाहेब म्हणाले, कामगारांच्या मनात शंका आहे, शांतता राहावी म्हणून तात्पुरतं. त्या तात्पुरत्यात दिवाळी गेली आणि उन्हाळा आला. सगळ्यात जास्त तुला काय लागलं ते मी बघत होते. जेवणाच्या सुट्टीत तू तुझी सुक्या बोंबलाची चटणी पूर्वी डब्याडब्यात वाटायचीस. आता तू डबा पुढे केलास की बायका म्हणायच्या, पोट भरलंय. ज्या बायकांना मी कधी पोट भरलंय म्हणताना ऐकलं नव्हतं त्या. तू डब्याचं झाकण लावून माझ्या खिडकीशी येऊन बसायचीस. एक दिवस विचारलंस, "ह्यांचा सांगायचा कोनाला असतो?"

इथून तुझं कोर्ट सुरू झालं. मी युनियनवाल्यांशी गाठ घालून दिली, त्यांनी ठाण्याला वकील दिला. मुरबाडहून एसटीने कल्याण, तिथून पुढे. वकीलसाहेब गंभीर, जाड चष्म्याचे गृहस्थ होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कागदावर लिहून घेतलं, आणि विचारलं की बाई, तुम्हाला नेमकं काय हवंय. तू म्हणालीस, "माझी मशीन. आनी पुढल्या खंडेनवमीला माझ्या हातचा खोबरा सगल्यांनी खायचा."

वकीलसाहेबांनी पेन खाली ठेवलं. ते माझ्याकडे बघून म्हणाले, कोर्ट ऑपरेटरचं पद देऊ शकतं, कामगारांमध्ये भेदभाव केला असं म्हणू शकतं, पण खोबरं खायचा हुकूम कोर्टाला काढता येत नाही. तू म्हणालीस, तुम्ही लिहून तर बघा. त्यांनी लिहिलं नाही अर्थातच. परतताना बसमध्ये तू म्हणत होतीस की वकील शिकलेला दिसतो पण जरा भित्रा आहे.

तुझ्या तारखा, तारखांवर तारखा. ठाण्याच्या कोर्टाच्या आवारात आपण झाडाखाली बसून तुझी भाकरी खायचो आणि तू येणाऱ्याजाणाऱ्या काळ्या कोटांना नावं ठेवायचीस. मी साक्ष दिली. माझ्याही नोकरीचा प्रश्न होता, घरात त्यावर वाद झाले, पण मी दिली. कंपनीच्या वकिलाने मला छद्मीपणे विचारलं की तुम्ही ते खोबरं खाल्लं म्हणता, मग तुम्हाला काही झालं का. मी म्हटलं, वजन वाढलं. न्यायाधीश हसले. तू मागे बाकावर बसली होतीस, तुला ऐकू गेलं नाही, आणि घरी येईपर्यंत मला तीनदा सांगायला लावलंस.

मधेच कंपनीने निरोप धाडला. खटला मागे घ्या, राजीनामा द्या, एकरकमी पैसे घ्या. रक्कम चांगली होती. तुझ्या घरावर कौलं येतील, मुलाला मुरबाडला ठेवून शिकवता येईल, एवढी. मी तुला मुरबाडच्या एसटी स्टँडवर बाजूला घेऊन म्हटलं की घे आणि सूट. ज्या जागी तुझ्या हातचं कोणी खात नाही तिथे परत कशाला जायचंय? तू म्हणालीस, नाय. मी म्हटलं, मशीन काय तुझ्या बापाचं आहे? तू म्हणालीस, "माझा हाय." मी चिडले, तूही चिडलीस. त्या संध्याकाळी तू बसमध्ये खिडकी सोडून मागे जाऊन बसलीस. पुढे भाताला लोंब्या धरेपर्यंत आपण बोललो नाही.

मी अजून म्हणते की ती रक्कम घ्यायला हवी होती. तुझं कौलारू घर दहा वर्षं आधी झालं असतं. हे मी तुझ्या मुलासमोर म्हणाले तर तो नुसता हसला. तुझ्यासारखाच हसतो मेला.

शेवटी तडजोड झाली ती नवीन मॅनेजर आले म्हणून. त्यांना जुन्या खटल्यांची कटकट नको होती. त्यांनी कोर्टापुढे लिहून दिलं की बुधीबाईला ऑपरेटर करतो आणि चार नंबरवर परत घेतो. तुझ्या कार्डावर मी स्वतःच्या हाताने ऑपरेटर लिहिलं, मोठ्या अक्षरात, आणि दोनदा गिरवलं. तू बघून म्हणालीस की अक्षर चांगलं आलंय. वाचता येत नव्हतं तुला, पण कौतुक करण्यात तू कधी कमी पडली नाहीस.

खोबऱ्याचा मात्र त्या तडजोडीत एक शब्द नव्हता. खंडेनवमी आली. मी खिडकी सोडून आत यायचं कारण नव्हतं, तरी आले. तू चार नंबरपुढे उभी राहिलीस. हिरवं लुगडं, मशीनला लोंब्यांचं तोरण. एका घावात नारळ फोडलास. परात फिरायला लागली आणि तुझ्या नारळाचे तुकडे त्यात पडले तेव्हा कोणाचाच हात पुढे येईना. सगळे परातीकडे बघत होते. पहिला हात नरेशने घातला. त्याने निवडून तुझाच तुकडा उचलला, कारण तो साधा पांढरा होता, अजून साखरेत मिसळला नव्हता. खाल्ला. मग किनार कापणाऱ्या बायका आल्या. मग बाकीचे.

चव्हाणसाहेबांपुढे परात आली. त्यांनी एक तुकडा घेतला, कपाळाला लावला आणि खिशात टाकायला गेले. तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "सायेब, खिशात नाय. तोंडात."

मला वाटलं आता सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होणार. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यांनी तो तुकडा तोंडात टाकला, चावला, गिळला. म्हणाले, "गोड आहे." आणि तू म्हणालीस की असणारच, आमच्या मावशीच्या परड्यातला आहे. लोक हसले. चव्हाणसाहेबही हसले. मी टाइम ऑफिसात परत गेले आणि दार लावून घेऊन पोटभर रडले. आज सांगते, तेव्हा विचारलंस तर डोळ्यात कचरा गेला म्हणाले होते.

पुढची वर्षं तू त्या कंपनीत अशी काही राहिलीस की बघणाऱ्याला वाटावं, हिने कधी तक्रार केलीच नसेल. नव्या पोरी पात्याने हात कापून घ्यायच्या तेव्हा तू त्यांना ओरडायचीस. कंपनीचा माल परत आला तर तुझाच चेहरा उतरायचा. कोणी चव्हाणसाहेबांना नावं ठेवली की म्हणायचीस, माणूस तसा बरा आहे, त्याला घरी कोणी शिकवलंच नाही. त्यांच्या मुलीच्या लग्नाला तू कल्याणला गेलीस. मी आले नाही. ज्याने तुला उन्हात बसवलं त्याच्या दारात मी जेवणार नाही, असं मी ठणकावून सांगितलं. तू गेलीस, पितळेचं भांडं घेऊन, आणि परत येऊन जिलबी किती कुरकुरीत होती ते दोन दिवस सांगत राहिलीस. मला इतका राग आला होता तुझा.

आणि मग माझं. टाइम ऑफिसचे मुख्य निवृत्त झाले. ते काम मीच करत होते. त्या जागी मॅनेजरांनी माझ्या हाताखालचा मुलगा बसवला, बाईला रात्रपाळीच्या भानगडी झेपणार नाहीत म्हणून. मी एक शब्द बोलले नाही. महिन्याभरात राजीनामा दिला, शाल-श्रीफळ घेतलं, सगळ्यांना हसून नमस्कार केला. बसमध्ये तू माझ्याशी धड बोलली नाहीस. फाट्यावर उतरताना म्हणालीस, "न बोलता गेलीस?" मी म्हटलं, मी मानी आहे, मी मागत बसत नाही. तू म्हणालीस, "तुला तिथं ऱ्हायाचाच नव्हता. ऱ्हायाचा असता तं भांडली असतीस."

हे मला लागलं, बुधे. पटलं नाही, पण लागलं. मी म्हणत होते की भांडतो तो नातं तोडतो, आणि तू म्हणत होतीस की ज्याला तोडायचं असतं तो गुपचूप निघून जातो. यावर आपण पुढे किती वाद घातला. तुझ्या ओट्यावर, माझ्या पडवीत, सोमवारच्या बाजारात भाजी निवडताना. मी दर वेळी शिकल्यासवरल्याचे मुद्दे काढायची आणि तू कोथिंबिरीची जुडी झटकत नुसतं हं म्हणायचीस.

गेल्या महिन्यात तुला भेटायला आले तेव्हा तू अंथरुणालाच लागली होतीस. आवाज बारीक झाला होता, डोळे मात्र तेच. मुरबाडच्या डॉक्टरने सांगायचं ते सांगून टाकलं होतं आणि तू ते शांतपणे ऐकून घेतलं होतंस. घरात दुःख होतं, पण रडारड नव्हती. तुझी नात तुझे पाय चेपत होती आणि तू तिला नीट चेप म्हणून ओरडत होतीस. मला काही सुचेना म्हणून मी तेच जुनं विचारलं. म्हातारे, आता तरी सांग, कोर्टात कशाला गेलीस?

तू नातीला पाणी आणायला पाठवलंस. मग म्हणालीस, "तू दोन जागा सोडल्यास. शापूरची आनी आपली. दोनीच्या नावानं अजून बोटा मोडतंस. मी चव्हानसायबाच्या पोरीच्या लग्नात जिलबी खाल्ली. भांडून झाला ना गो, मंग राग कशाला ऱ्हाईल?"

मला उत्तर सुचलं ते उतरताना, वाडीच्या अर्ध्या वाटेवर. पुढच्या वेळी सांगू म्हटलं. पुढची वेळ तू दिली नाहीस.

शहापूरची जागा म्हणजे काय ते तुझ्याशिवाय कोणाला फारसं ठाऊक नाही. लग्नानंतर मी तिथल्या एका पतसंस्थेत होते. थोरल्याच्या वेळी पोट दिसायला लागलं तेव्हा तिथल्या व्यवस्थापकांनी मला बोलावून सांगितलं की काउंटरवर बरं दिसत नाही, तुम्ही घरीच राहा. मी मान हलवली आणि घरी राहिले. माझा थोरला आता पस्तिशीला आला. इतकी वर्षं मी शहापूरला माहेरी गेले की बाजारपेठेतल्या त्या दारावरून जायचं टाळून मागच्या गल्लीने जाते. माझ्या भावाला वाटतं मला गल्लीतलं मारुतीचं देऊळ आवडतं.

तुझ्या दिवसकार्यानंतर मी शहापूरला गेले. भाचीकडे काम होतं, हे निमित्त. ते व्यवस्थापक आता म्हातारे झालेत. मुलाच्या औषधाच्या दुकानात, काउंटरच्या आत खुर्ची टाकून बसतात. मी आत गेले. त्यांना वाटलं गोळ्या हव्यात. मी माझं नाव सांगितलं, कोण कुठली ते सांगितलं, आणि म्हटलं की मला दिवस गेले म्हणून तुम्ही मला कामावरून काढलंत. ते चूक होतं. मला ते काम आवडायचं. ठाण्याच्या कोर्टात साक्ष देणं यापेक्षा सोपं होतं, बुधे.

त्यांना आठवत नव्हतं. आधी म्हणाले, तेव्हा तशीच पद्धत होती हो. मुलगा गोंधळून आमच्याकडे बघत राहिला. मग त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा माझं नाव विचारलं, मी पुन्हा सांगितलं. म्हणाले, "तुम्ही तेव्हाच बोलायला हवं होतं." मी म्हटलं, हो. थोडं थांबून म्हणाले, चूक झाली असेल माझी. आणि मुलाला म्हणाले, बाईंना चहा सांग. मला नको म्हणायचं होतं. पण मी बसले आणि प्याले. त्यांनी सुनेच्या बाळंतपणाचं सांगितलं, मी माझ्या गुडघ्यांचं. दुकानातून निघाले ती बाजारपेठेतून, पतसंस्थेच्या दारावरून, सरळ रस्त्याने स्टँडवर आले.

मुरबाडला बदलून टोकावड्याची गाडी पकडली. खिडकीत बसले. मनात सगळं जुळवत होते, कुठून सुरुवात करायची, त्यांनी चष्मा कसा पुसला, चहा किती पांचट होता, तू कुठे हसशील, कुठे म्हणशील की मी सांगत नव्हते का. तुझ्या वाडीचा फाटा आला तशी मी पिशवी उचलून दारात जाऊन उभी राहिले. गाडी थांबली. कंडक्टर म्हणाला, उतरा ना बाई. मी खाली बघितलं, मग त्याच्याकडे बघितलं, आणि म्हटलं, नाही, मला पुढे जायचंय.